मुद्दाम हलवलेला सूर

ऑर्गन म्हटलं की आपल्याला संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. त्यात धातूच्या पट्ट्या कंपतात. चर्चमधल्या ऑर्गनमध्ये प्रत्येक सुराला वेगळी नळी असते. अशा शेकडो नळ्या रांगांनी उभ्या, आणि वीज येण्यापूर्वी त्यांचे भाते हलवायला वेगळी माणसं लागत.

उत्तर इटलीतल्या ब्रेशा शहरात अंतेन्याती घराण्याने पंधराव्या शतकापासून पिढ्यान्‌पिढ्या असे ऑर्गन बांधायचं काम केलं. त्यांतला कोस्तान्त्सो (१५४९–१६२४) मला सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण तो वाद्य बांधून मोकळा झाला नाही. तो स्वतः ब्रेशाच्या कॅथीड्रलमध्ये ऑर्गन वाजवत असे, संगीतरचनाही करत असे. १६०८ साली त्याने ‘लार्ते ओर्गानिका’ हे पुस्तक छापलं. त्यात बाप आणि मुलगा बोलत बसले आहेत. घराण्याने बांधलेल्या १४४ ऑर्गनांची यादीही त्यात आहे.

या वाद्यांचा पाया ‘प्रिन्चिपाले’ ही रांग. तिच्यावर एक सप्तक चढी रांग, मग दोन सप्तकं, मग त्याही वरचा पंचम, असं वर वर जायचं. सगळ्यांचा मिळून होणारा भरणा म्हणजे ‘रिपिएनो’. आल्प्सपलीकडचे कारागीर अशा बारीक, उंच रांगा एकाच स्टॉपरला, म्हणजे रांग सुरू-बंद करायच्या खटक्याला, जोडत. अंतेन्याती प्रत्येक रांगेला स्वतंत्र स्टॉपर देत. त्यामुळे नाद किती उजळायचा, हे वादकाच्या हाती राही.

मला मोह पडतो तो ‘फिफ्फारो’चा. ही रांग प्रिन्चिपालेपासून किंचित हलवून लावतात. दोन्ही एकत्र वाजल्या की सूर संथपणे लहरतो, गळ्यातून आल्यासारखा. आयुष्यभर सूर जुळवणाऱ्या घराण्याने ही एक रांग जाणूनबुजून न जुळवता ठेवली! पण कोस्तान्त्सोची ताकीद स्पष्ट आहे: फिफ्फारो फक्त प्रिन्चिपालेबरोबर घ्या, तिसरं काही जोडलंत तर सगळंच बेसूर वाटेल, आणि सावकाश, सुराला सूर लावत वाजवा. स्वतः रोज वाजवणाऱ्यालाच असं सांगता येतं.

ब्रेशाच्या सान जुझेप्पे चर्चमध्ये कोस्तान्त्सोच्या वडिलांनी, ग्रात्सियादिओने, १५८१ साली बांधलेला ऑर्गन आहे. दुरुस्त्या झाल्या, भोवतालचं शहर बदललं; तो अजून वाजतो.