पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग : चौकशी आजोळचीही हवी

बालाघाट जिल्ह्यात सिकलसेल हा शब्द आता फारसा नवा राहिलेला नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातीलच शहडोल येथून त्या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. काही रोगांचे बीज आईबापांकडून अपत्यांत उतरते, ही गोष्ट त्यामुळे समजावून सांगणे सोपे झाले आहे. उतारवयातील पुरुषांना होणाऱ्या एका कर्करोगातही आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

हा कर्करोग पुरःस्थ ग्रंथीचा होय. डॉक्टर तिला प्रोस्टेट म्हणतात. मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाभोवती ही अक्रोडाएवढी ग्रंथी असते. वय वाढले की पुष्कळांची ग्रंथी वाढते व वारंवार लघवीस जावे लागते. ही साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. उलट, खरा कर्करोग आरंभी कित्येकदा कोणतेच लक्षण दाखवीत नाही. म्हणूनच धोका कोणास अधिक आहे, हे आधी ओळखावे लागते.

वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा रोग झालेला असल्यास धोका साधारणतः दुप्पट होतो. एवढे बहुतेकांस पटते. पुरुषांचा रोग, तेव्हा तो बापाच्याच घराण्यातून यावयाचा, असा सरळ हिशेब मांडला जातो आणि काका-आजोबांची माहिती सांगून माणूस थांबतो. हिशेब चुकतो तो येथेच.

बीआरसीए-२ नावाचे एक जनुक १३ व्या गुणसूत्रावर असते. पेशीतील डीएनएची मोडतोड दुरुस्त करणे हे त्याचे काम. त्यात जन्मजात दोष असला तर स्त्रियांस स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तोच दोष पुरुषांत पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाचा धोका वाढवितो, आणि असा रोग बहुधा लवकरच्या वयात व उग्र स्वरूपात येतो. सिकलसेलचा आजार होण्यास दोष आई व वडील दोघांकडून यावा लागतो. येथे एकाकडून आलेला दोषही धोका वाढविण्यास पुरेसा होतो. प्रत्येक अपत्यास, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणजे आई, मावशी किंवा आजी छातीच्या गाठीने दगावली असेल, तर ती माहिती मुलाच्या प्रकृतीच्या दृष्टीनेही मोलाची ठरते.

दोष असलेल्या प्रत्येकास कर्करोग होतोच असे नाही. शिवाय बहुसंख्य रुग्णांत असा एखादा ठळक दोष सापडतही नाही. तेव्हा अशा चौकशीचा उपयोग सोयरिकी मोडण्यासाठी करणे हे निव्वळ अज्ञान होय. दोष सिद्ध झालेल्या पुरुषांनी मात्र चाळिशीपासून पीएसए ही रक्ततपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी. जनुकीय तपासणीबाबत नागपूर येथील कर्करोग रुग्णालयांत किंवा १९४१ साली सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात विचारणा करता येते. जाताना कोणत्या नातलगास, कोणत्या वयात, कोणत्या अवयवाचा कर्करोग झाला, हे कागदावर लिहून न्यावे. घरातील वृद्ध स्त्रियांस ते बहुधा नेमके ठाऊक असते.