अस्सल यंत्र, परकी तबकडी

परदेशात गेलेला आपल्याकडील हौशी गृहस्थ जुने मनगटी घड्याळ खरेदी करताना जी सावधगिरी बाळगतो, ती बहुधा चुकीच्या दिशेची असते. कारण त्याला भय वाटते ते पट्ट्यापासून यंत्रापर्यंत नखशिखांत नकली असलेल्या मालाचे, आणि या व्यापारातील खरा धोका असतो तो ज्याचा बहुतेक भाग कोठल्या ना कोठल्या कारखान्यात रीतसर तयार झाला, पण जे संपूर्ण घड्याळ म्हणून कोणत्याही कारखान्यातून कधीच बाहेर पडले नाही, अशा संमिश्र वस्तूचा. यंत्र एकाचे, डबी दुसऱ्याची, काटे तिसऱ्याचे आणि तबकडी नव्याने रंगविलेली! यंत्रच खोटे असते तर पाठचे झाकण उघडताच कोणताही घड्याळजी ते सांगता. परंतु ते अस्सल असल्यामुळे झाकण उघडून घेतलेली परीक्षा गिऱ्हाइकाची खातरजमा करते आणि फसवणूक तेथेच पक्की होते.

या व्यवहारात मुंबईचे नाव जगभर गाजावे, हे आपणांस फारसे भूषणावह नाही. सायको, एचएमटी, फेवर-ल्यूबा यांची जुनी यंत्रे साफसूफ करून, त्यांवर भडक रंगाची नवी तबकडी चढवून विकली जाणारी घड्याळे परदेशी संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ या नावानेच ओळखली जातात. बँकॉकच्या एखाद्या बाजारातून मोठ्या कौतुकाने आणलेले घड्याळ स्वगृहीच परत आले असण्याचा संभव त्यामुळे अगदीच नाकारता येत नाही.

जपानात अशी लबाडी चालत नाही, हा समज सर्वस्वी निराधार नाही, आणि म्हणूनच तो अधिक तपासून घेण्याजोगा आहे. टोकियोतील नाकानो ब्रॉडवे या १९६६ साली उघडलेल्या इमारतीत जुन्या घड्याळांची नामांकित दुकाने आहेत. जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्या इसमास तेथे १९४९ च्या कायद्यान्वये परवाना घ्यावा लागतो, माल आणून देणाऱ्याची ओळख पटवावी लागते आणि खरेदीची नोंद दप्तरी ठेवावी लागते. परंतु या कायद्याचा सारा रोख चोरीच्या मालावर आहे. तबकडी मूळची की फिरून रंगविलेली, या प्रश्नाशी त्याला कर्तव्य नाही. प्रामाणिक दुकानदार रंगविलेल्या तबकडीची नोंद किमतीच्या चिठ्ठीवर ‘रिदान’ या शब्दाने करतो. ती चिठ्ठी आपणांस वाचता आली नाही, तर त्याचा दोष त्याच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही.

सायकोच्या जुन्या घड्याळांची खुबी ही की, आपली साक्ष ती स्वतःच्या अंगावरच वागवीत असतात. पाठच्या झाकणावर ६१३९-६००२ अशा धर्तीचा क्रमांक असतो. त्यातील पूर्वार्ध यंत्राचा आणि उत्तरार्ध डबीचा. त्याखेरीज असलेल्या अनुक्रमांकाचा पहिला आकडा दशकातील वर्ष सांगतो, दुसरा महिना. ऑक्टोबरसाठी शून्य, नोव्हेंबर-डिसेंबरसाठी एन आणि डी ही अक्षरे. ६१३९ हे यंत्र १९६९ साली निघाले आणि सुमारे दशकभर चालले. तेव्हा ३९ ने आरंभ होणारा क्रमांक सप्टेंबर १९७३ चा, यात संशयास जागा नाही. आता १९७० च्या सुमारास कंपनीने ‘वॉटर प्रूफ’ हे शब्द टाकून ‘वॉटर रेझिस्ट’ हे शब्द स्वीकारले. म्हणून तबकडीवर ‘प्रूफ’ आणि झाकणावर १९७६ चा क्रमांक आढळला, तर त्या दोघांची प्रथम भेट कारखान्याबाहेरच झाली असे खुशाल समजावे. विल्यम पोग या अंतराळवीराने १९७३-७४ च्या स्कायलॅब मोहिमेत याच जातीचे पिवळ्या तबकडीचे घड्याळ मनगटावर बांधले होते. पुढे त्या पिवळ्या तबकडीला मागणी वाढली, आणि मागणी वाढताच कोऱ्या करकरीत पिवळ्या तबकड्याही बाजारात अवतरल्या.

मग लिलावगृहातून, दाखल्यासह घ्यावे, असे कोणी म्हणेल. परंतु नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हा येथे फिलिप्स या मातबर लिलावगृहात १९५७ च्या नमुन्याचे एक ओमेगा स्पीडमास्टर एकतीस लाखांहून अधिक स्विस फ्रँकना विकले गेले, आणि घेणारे होते खुद्द ओमेगाचे संग्रहालय. ते निरनिराळ्या घड्याळांच्या भागांतून जुळविलेले होते आणि या प्रकरणात आपल्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात होता, हे कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केले. निर्मात्याची ही गत, तर प्रवाशाने कागदाच्या एका तुकड्यावर कितपत विसंबावे?

अंधारात लखलखणारी तबकडी उत्तम स्थितीतील, असेही मानले जाते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तबकडीवर रेडियम लावीत, साठीनंतर पुष्कळ घड्याळांवर ट्रिटियम आले, आणि स्विस तबकडीच्या तळाशी ‘टी स्विस टी’ अशी अक्षरे त्याची खूण म्हणून पडू लागली. ट्रिटियमचे तेज सव्वाबारा वर्षांत निम्म्यावर येते, म्हणजे पन्नास वर्षांनी त्याचा जेमतेम सोळावा हिस्सा उरतो. तेव्हा १९६८ चे म्हणून दाखविलेले घड्याळ रात्रभर प्रकाशत असेल, तर तो लेप मागाहून लावलेला आहे. रेडियमचे मात्र चमकणे थांबले तरी किरणोत्सर्ग थांबत नाही. तसले घड्याळ कुतूहलाने घरी उघडू नये.

राहिला कायदा. नकली माल विकणाराच तेवढा अपराधी, ही कल्पना इटलीत तरी महागात पडते; तेथे नकली असल्याचा संशय यावा असा माल घेणाऱ्या गिऱ्हाइकासही ३०० ते ७,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. तसेच ‘जुनी वस्तू, तीवर जकात कसली’ हा युक्तिवाद आपल्या विमानतळावर टिकत नाही, कारण जकातीच्या वर्गवारीत पुराणवस्तू म्हणून गणना व्हावयास वयाची शंभर वर्षे उलटलेली असावी लागतात, आणि आपण हौसेने आणलेले घड्याळ बहुधा पन्नास-साठीतलेच असते. बिनजकात मालाची मर्यादा ओलांडत असेल, तर ते जाहीर करणे क्रमप्राप्त आहे. या भानगडीतून सुटका म्हणून काही दुकानदार कमी रकमेची पावती देऊ करतात. ती घेऊ नये. जकात चुकविण्याचा गुन्हा तर पदरी पडतोच, शिवाय तबकडी उद्या रंगविलेली निघाली, तर परतफेडीचा दावा बहुधा पावतीवर लिहिलेल्या रकमेपुरताच करता येतो.