शितावरून भात, दातावरून डायनोसॉर

तंजावरला गेलेला मराठी माणूस बृहदीश्वराच्या देवळात सरफोजीराजांचा मराठी शिलालेख वाचतो, सरस्वती महालातली मोडी कागदपत्रं पाहतो आणि परततो. कोळ्ळिडम ओलांडून उत्तरेला अरियलूरकडे सहसा कोणी वळत नाही. तिकडे सिमेंटचे कारखाने, चुनखडीच्या खाणी आणि रखरखाट. पण त्याच जिल्ह्यातल्या कल्लमेडू गावी एका छोट्या शिकारी डायनोसॉरचा दात सापडला. पुराजीवशास्त्रज्ञ अंजली गोस्वामी, दिल्ली विद्यापीठाचे जी. व्ही. आर. प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये त्याचं वर्णन छापलं.

एकच दात, तोही जेमतेम काही मिलिमीटरचा. इतके बारीक जीवाश्म कुदळीने मिळत नाहीत. माती वाळवायची, भिजवायची, चाळायची आणि उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली कण न् कण निवडायचा. हा दात वेगळा ठरला तो कडेमुळे. मांसाहारी डायनोसॉरच्या दातांना सहसा करवती कडा असते, पण इथले दाते दाताच्या मानाने मोठे आणि टोकाकडे आकड्यासारखे वळलेले आहेत. ही ट्रूडॉन्टिड कुळाची खूण.

हे कुळ चीन, मंगोलिया आणि उत्तर अमेरिकेतल्या सांगाड्यांवरून चांगलं ओळखीचं आहे. दोन पायांवर पळणारे, पिसं असलेले, शरीराच्या मानाने मोठ्या मेंदूचे प्राणी. पायाच्या दुसऱ्या बोटाचं वाकडं, धारदार नख चालताना वर उचललेलं. डोळे मोठे, समोर पाहणारे. काही जातींत डावा-उजवा कान घुबडासारखा असमान होता. म्हणजे भक्ष्याची चाहूल नेमकी कुठून येते ते अंधुक उजेडातही कळत असणार. दात मात्र नाजूक. २०१८ च्या एका अभ्यासानुसार, धडपडणाऱ्या मोठ्या सावजावर ते मोडण्याची भीती होती. तेव्हा लहान किंवा मऊ भक्ष्यच त्यांना परवडत असावं.

पण उत्तरेकडचं हे कुळ इथे आलं कसं? हा दात डायनोसॉरयुगाच्या अखेरच्या पर्वातला आणि तेव्हा भारत हे समुद्रातलं बेट होतं. मादागास्करपासून तुटून त्याला दोन कोटी वर्षं होत आली होती. एक तर हे बेट वाटतं तेवढं एकाकी नव्हतं, किंवा खंड फुटण्याआधीच हे कुळ सगळीकडे पसरलेलं होतं. मला दुसरी शक्यता जास्त पटते, कारण कल्लमेडूच्या इतर जीवाश्मांत मादागास्करच्या मगरींशी साम्य असलेले दातही आहेत.

तरी सावधगिरी हवीच. याच कल्लमेडूत सुमारे दोन मीटर लांबीचं नडगीचं हाड सापडलं होतं. १९८० च्या दशकात त्याच्या मालकाला ‘बृहत्कायोसॉरस’ हे नाव देऊन मांसाहारी ठरवलं गेलं. पुढे तो लांब मानेचा शाकाहारी निघाला. ते हाड नंतर भुगा होऊन गेलं, उरली फक्त चित्रं आणि छायाचित्रं. एवढ्या मोठ्या हाडाची ही गत, तर एका दाताचा दाखला किती ताणायचा? जबड्याचा तुकडा किंवा ते विशिष्ट नख मिळेपर्यंत दक्षिणेतला हा ट्रूडॉन्टिड ‘बहुधा’ या शब्दासकटच लिहावा.