घरचा जुना संगणक पुन्हा सुरू करताना

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर एखादी वस्तू अशी असते, की ती उपयोगाची नसते आणि टाकवतही नाही. आमच्या बेळगावच्या घरी ती वस्तू म्हणजे अब्बांनी १९८८ साली घेतलेला ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ हा संगणक. अब्बा गणिताचे शिक्षक होते. ते गेल्यानंतर हे यंत्र कित्येक वर्षे खोक्यात पडून होते. गेल्या वर्षी आम्ही ते पुन्हा सुरू केले. असे काम हाती घेणारांस उपयोग व्हावा म्हणून चार गोष्टी येथे सांगत आहोत.

प्रथम यंत्राची ओळख. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ इंग्लंडात १९८२ साली विक्रीस आणला. चांगल्या कळफलकाचा ‘प्लस’ १९८४ साली निघाला, आणि १९८६ साली डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन तो भारतात आणला. त्याची स्मृती अवघी ४८ किलोबाइट. पडद्याचे काम घरचा टीव्ही करी आणि प्रोग्राम साठवावयाचे ते गाण्यांच्या साध्या कॅसेटवर.

येथेच पहिला धडा आहे. यंत्र बिघडले तर तसेच दुसरे मिळू शकेल. कॅसेट गेली तर गेली. म्हणून आधी कॅसेट सांभाळावी. आमच्याकडील पावसाने फितीवर बुरशी धरली होती. ती मऊ कापडाने हलकेच पुसली, पेन्सिल घालून फीत हाताने एकदा पुढे-मागे फिरविली, टेपचे हेड स्पिरिटने स्वच्छ केले आणि मगच वाजवून तिची नक्कल आजच्या संगणकावर उतरवून घेतली. फितीवर जो कर्कश आवाज ऐकू येतो ती सारी शून्ये आणि एक आहेत : शून्यासाठी आखूड स्पंद, एकासाठी त्याच्या दुप्पट लांब. प्रत्येक भागाच्या अखेरीस पडताळ्याचा एक बाइट असतो. गणिताचा ताळा पाहावा तसा तो जुळला की नक्कल बिनचूक उतरली असे समजावे.

दुसरा धडा : उत्साहाच्या भरात यंत्रास वीज जोडू नये. त्यास ९ व्होल्टचा पुरवठा लागतो, पण त्याच्या पिनेचा मध्य ऋण असतो. आज मिळणाऱ्या बहुतेक ॲडॅप्टरांत तो धन असतो. आम्हीही घरातला एक ॲडॅप्टर जोडण्याच्या बेतात होतो. मल्टीमीटर लावून पाहिला म्हणून अनर्थ टळला.

योग्य पुरवठा जोडला, तरी पडद्यावर नुसते पट्टे. हा जुना दुखणेकरी प्रकार आहे. स्मृतीच्या पहिल्या १६ किलोबाइटांच्या आठ चिपांना तीन दाब लागतात : ५ व्होल्ट, १२ व्होल्ट आणि उणे ५ व्होल्ट. नंतरचे दोन यंत्राच्या पोटातच एका छोट्या गुंडाळीने व ट्रान्झिस्टरने तयार होतात. त्यातील उणे ५ व्होल्ट नाहीसे झाले, की चिपा तापून निकामी होतात. आमच्या यंत्रात तेच घडले होते. ट्रान्झिस्टर व दोन चिपा बदलल्या. आतला द्रव सुकलेले कपॅसिटरही बदलले. कळांखालचा प्लॅस्टिकचा पातळ पडदा कालांतराने कडक होऊन तडकतो. तो नवा तयार मिळतो.

काढलेले सुटे भाग मात्र आम्ही टाकले नाहीत. ते एका पुडीत घालून, काय बदलले व केव्हा याची चिठ्ठी खोक्यात ठेवली आहे. वरचे पिवळट पडलेले शाईचे डागही तसेच राहू दिले. ते अब्बांच्या हातचे आहेत.

सारे जुळल्यावर कॅसेट लावली. पडद्याच्या कडेने निळे-पिवळे पट्टे धावू लागले आणि काही वेळाने अब्बांचा प्रोग्राम उभा राहिला : पाढे विचारणारा. या यंत्रात २१ अक्षरे आपल्या मनाची घडविता येतात. प्रत्येक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांचे. अब्बांनी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून आपले मराठी आकडे त्यात बसविले होते. ते कागदही खोक्याच्या तळाशी सापडले. “सात नवे?” असे यंत्राने विचारले, आणि आमच्या धाकट्या लेकीने उत्तर दिले. आजोबांना तिने कधी पाहिलेले नाही.

आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. कोणता प्रोग्राम कोठे आहे हे कळावे म्हणून अब्बा प्रत्येकाच्या आधी त्याचे नाव बोलून ठेवीत. नक्कल करताना त्या कर्कश आवाजाच्या आधी अकस्मात त्यांचा आवाज आला : “पाढे, दुसरी खेप. मुलांनो, जरा गप्प बसा.” अम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

तो आवाज आता आम्हा चारही भावंडांकडे आहे. वाचकांनी आपापल्या माळ्यावरील कॅसेटी या पावसाळ्यापूर्वी खाली काढाव्यात, एवढीच विनंती. यंत्र पुढच्या वर्षी दुरुस्त केले तरी चालेल. फीत थांबणार नाही.