मूर्ती मोठी, कीर्ती किती? हेवीवेट बॉक्सिंगमधला आकाराचा प्रश्न

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय तसा चहाच्या टपरीवरही रंगणारा आहे. जुना विजेता आणि आजचा विजेता समोरासमोर उभे केले तर कोण जिंकेल? लगेच कुणीतरी म्हणतं, "अहो, आजचे बॉक्सर एवढे धिप्पाड, जुन्यांचा काय निभाव लागणार!" दुसरा म्हणतो, "मूर्ती लहान पण कीर्ती महान." दोघंही थोडे बरोबर आहेत. किती बरोबर, ते आज मोजून बघू.

आधी एक मूलभूत गोष्ट. बॉक्सिंगमध्ये वजनगट का असतात? तर वजनाने फरक पडतो म्हणून. आपल्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवलं ते बँटमवेट गटात. गट नसते तर त्या चपळ माणसाला आपल्या दीडपट, दुप्पट वजनाच्या मल्लांशी झुंजावं लागलं असतं. पण हेवीवेट हा असा गट आहे की त्याला खाली उंबरठा आहे आणि वर छप्परच नाही. लाइट हेवीवेटची मर्यादा 175 पौंड, म्हणजे साधारण 79 किलो. कित्येक दशकं या मर्यादेच्या वर एक पौंड जरी गेलात तरी तुम्ही हेवीवेट, आणि समोर 260 पौंडांचा माणूस उभा राहिला तरी तोही हेवीवेटच. म्हणून आकाराचा प्रश्न तपासायला हा गट म्हणजे जणू प्रयोगशाळाच आहे.

हलक्या विजेत्यांचा काळ

1897 साली नेवाडातल्या कार्सन सिटीमध्ये बॉब फिट्झसिमन्सने जिम कॉर्बेटला चौदाव्या फेरीत पाडलं. पोटाच्या वरच्या खळग्यात बसलेला तो ठोसा आजही प्रसिद्ध आहे. फिट्झसिमन्सचं वजन होतं 167 पौंड, जेमतेम 76 किलो. आजच्या हिशेबाने तो हेवीवेटच्या दारातही पोचत नाही. पण दोन वर्षांनी, 1899 मध्ये, त्याच्यासमोर आला जिम जेफ्रीज, 206 पौंडांचा. फिट्झसिमन्स अकराव्या फेरीत बाद झाला. म्हणजे "पूर्वी आकाराला किंमत नव्हती" हे काही खरं नाही. तेव्हाही होती.

आता सगळे सांगतात ती लढत. 4 जुलै 1919, ओहायोतलं टोलेडो. एका बाजूला जेस विलर्ड: उंची साडेसहा फुटांच्या वर, वजन 245 पौंड. दुसऱ्या बाजूला जॅक डेम्प्सी: 187 पौंड. फरक 58 पौंडांचा, म्हणजे 26 किलो. पहिल्याच फेरीत डेम्प्सीने विलर्डला सात वेळा खाली पाडलं. तिसऱ्या फेरीनंतर विलर्ड उठलाच नाही. आकाराला महत्त्व नाही म्हणणाऱ्यांचा हा हुकमी पुरावा.

पण थांबा. विलर्ड त्या दिवशी 37 वर्षांचा होता आणि 1916 नंतर त्याने किताबाची एकही लढत केली नव्हती. डेम्प्सी 24 वर्षांचा, भुकेला. आणि याच विलर्डने चार वर्षांपूर्वी हवानामध्ये जॅक जॉन्सनला सव्विसाव्या फेरीत हरवलं होतं. तेव्हा जॉन्सनही 37 वर्षांचा होता! म्हणजे दोन्ही वेळा जो तरुण होता तो जिंकला. एकदा तो मोठा होता, एकदा छोटा. एकेका लढतीवरून सिद्धांत मांडताना किती जपून राहायचं, ते या दोन लढती शिकवतात.

धिप्पाड होते, पण घडवलेले नव्हते

1930 च्या दशकात इटलीचा प्रिमो कार्नेरा आला. आधी सर्कशीत काम केलेला माणूस. 1933 मध्ये तो विश्वविजेता झाला आणि 1934 मध्ये टॉमी लॉफ्रनशी लढला तेव्हा दोघांच्या वजनात 86 पौंडांचा फरक होता. कार्नेरा गुणांवर जिंकला. त्याच वर्षी मॅक्स बेअरने त्याला पुन्हा पुन्हा लोळवलं, आणि पुढच्या वर्षी जो लुईने सहाव्या फेरीत त्याची लढत संपवली.

इथे एक कारण लक्षात घ्या. त्या काळी एवढी उंच माणसं मुळातच कमी. जी होती ती बॉक्सिंगमध्ये उशिरा आली, बऱ्याचदा तमाशा म्हणून आणली गेली. लहानपणापासून पायांची हालचाल, अंतर राखणं, डोकं हलवणं शिकलेला उंच बॉक्सर जवळपास नव्हताच. उत्तम तालीम मिळत होती ती 180 ते 200 पौंडांच्या माणसांना. म्हणून मग लुई 200 पौंडांच्या आसपास, आणि रॉकी मार्सियानो तर 185 पौंडांचा, उंची सहा फुटांहून कमी, आणि 49 पैकी 49 लढती जिंकून निवृत्त.

याच काळातली एक लढत मला फार बोलकी वाटते. 18 जून 1941, न्यूयॉर्क. लुई 200 पौंडांना अर्धा पौंड कमी, आणि समोर बिली कॉन, नोंदीप्रमाणे 174. बारा फेऱ्या झाल्या तेव्हा तीनपैकी दोन गुणपत्रिकांवर कॉन पुढे, तिसरीवर बरोबरी. तेराव्या फेरीत तो मोहात पडला, लुईला पाडायलाच गेला, आणि फेरी संपायला दोन सेकंद उरले असताना स्वतःच बाद झाला. आता विचार करा. लढत आजच्यासारखी बारा फेऱ्यांची असती तर 174 पौंडांचा माणूस विश्वविजेता झाला असता. म्हणजे आकाराची किंमत किती, हे शरीराइतकंच नियमावरही ठरतं.

मग बदललं काय?

तीन गोष्टी बदलल्या, आणि योगायोगाने साधारण एकाच दशकात.

पहिली, फेऱ्या. नोव्हेंबर 1982 मध्ये दक्षिण कोरियाचा किम डुक-कू हा लाइटवेट बॉक्सर रे मॅन्सिनीशी झालेल्या लढतीनंतर दगावला. त्यानंतर किताबाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या, आणि दशक संपेपर्यंत सगळीकडे तोच नियम झाला. यात कॉनसारख्याचा फायदा झाला असता, हे खरं. पण साधारणपणे शेवटच्या तीन फेऱ्या जड शरीराला सगळ्यात महाग पडतात. त्याच गेल्या.

दुसरी, क्रूझरवेट हा नवा गट. 1980 च्या सुमारास तो आला, मर्यादा 190 पौंड, पुढे ती 200 झाली. ज्या वजनाचा माणूस पूर्वी हेवीवेटमध्ये यायचा, म्हणजे मार्सियानो, डेम्प्सी, त्यांना आता वेगळं घर मिळालं. हेवीवेटची सरासरी वाढली यात आश्चर्य काय?

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. 1984 पासून ऑलिंपिकमध्ये सुपर हेवीवेट हा 91 किलोंच्या वरचा गट सुरू झाला. अगडबंब मुलांना आता हौशी बॉक्सिंगची पद्धतशीर शाळा मिळाली. 1988 मध्ये सोलला त्या गटाचं सुवर्ण जिंकलं लेनॉक्स लुईसने, 1996 मध्ये अटलांटाला व्लादिमिर क्लिच्कोने. दोघंही सहा फूट पाच इंच, सहा इंच. हे कार्नेरा नव्हते. हे घडवलेले होते. दोघांनाही पुढे इमॅन्युएल स्टुअर्ड हे प्रशिक्षक लाभले. त्यांनी या उंचीचा उपयोग करायला शिकवलं: डावा हात लांब ठेवायचा, जॅब मारत राहायचं, आणि समोरचा आत शिरलाच तर त्याला मिठीत बांधायचं.

आकार नक्की करतो काय?

थोडं गणित. माणूस सर्व बाजूंनी दहा टक्के मोठा झाला असं समजा. स्नायूची ताकद त्याच्या जाडीच्या क्षेत्रफळावर ठरते, ती वाढेल सुमारे 21 टक्के. वजन घनफळावर ठरतं, ते वाढेल 33 टक्के. म्हणजे ठोसा जोरदार होतो, पण स्वतःचं शरीर हलवणं त्याहून वेगाने महाग होतं. म्हणून आकाराचा फायदा सरळ रेषेत वाढत जात नाही. सुरुवातीला भराभर वाढतो, मग चढ कमी होतो.

फायदे तीन. हाताचा पल्ला, म्हणजे मी तुला मारू शकतो आणि तू मला नाही. दुसरा ठोशामागचं वजन. तिसरा फायदा प्रेक्षकांना दिसत नाही: टेकणं. क्लिंचमध्ये मोठा माणूस आपला भार समोरच्याच्या मानेवर टाकतो. 2020 मध्ये टायसन फ्युरी 273 पौंडांचा होता, डिऑन्टे वाइल्डर 231 चा. फ्युरीने ठोशांबरोबर हा भारही वापरला, आणि सातव्या फेरीत लढत संपली.

तोटा एकच, पण मोठा. हे सगळं बारा फेऱ्या टिकवायला प्राणवायू लागतो.

मर्यादा कुठे दिसते?

2009 मध्ये न्युरेंबर्गला निकोलाय वालुयेव, सात फूट, 316 पौंड. समोर डेव्हिड हे, 218 पौंडांना किंचित कमी. जवळपास 45 किलोंचा फरक! हे गोल गोल फिरत राहिला, आत येऊन मारून बाहेर पडत राहिला आणि गुणांवर जिंकला.

आणि अलीकडचा ओलेक्सांद्र उसिक. क्रूझरवेटचा निर्विवाद विजेता होऊन वर आलेला. मे 2024 मध्ये रियाधला त्याने फ्युरीला हरवलं: 223 विरुद्ध 262 पौंड, निकाल दोन पंचांचा एका बाजूला, एकाचा दुसऱ्या. डिसेंबरमध्ये पुन्हा लढत झाली. या वेळी फ्युरी 281 पौंडांचा होऊन आला. निकाल काय? तिन्ही पंचांनी 116-112 असा उसिकच्या बाजूने दिला. वीस पौंड वाढवले आणि हार जास्त स्पष्ट झाली.

पण इथे गंमत आहे. उसिकला आपण "छोटा" म्हणतो. तो सहा फूट तीन इंच आहे. 1974 मध्ये किन्शासाला अली सव्वादोनशेच्या आत, म्हणजे 216 पौंडांचा होता, उंची तितकीच. फोरमन 220 चा. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी जो आकार धिप्पाड म्हणून धडकी भरवायचा, तोच आज छोटा. आणि 185 पौंडांचा विजेता मात्र या काळात दिसत नाही.

म्हणून माझा निष्कर्ष असा: साधारण 210-220 पौंडांपर्यंत प्रत्येक पौंड कामाचा. त्याखाली राहिलात तर उत्तम कौशल्याच्या मोठ्या माणसासमोर ते अंतर भरून काढणं फार अवघड. त्याच्या वर गेलात की वजनापेक्षा पाय, दम आणि डोकं ठरवतं.

श्रोत्यांचा एक प्रश्न

प्रश्न: सर, माझा मुलगा बॉक्सिंग करतो, 84 किलोंचा आहे. त्याला सगळे सांगतात, वजन वाढव आणि वरच्या गटात जा. काय करावं?

उत्तर: तुम्ही हा प्रश्न विचारलात ते बरं झालं, कारण आजच्या चर्चेत जुने विजेते स्वर्गात लढतायत, तुमचा मुलगा मात्र खऱ्या रिंगमध्ये लढणार आहे. उसिक वर गेला तो आधी वर्षानुवर्षं आपल्या गटात तयार होऊन, आणि सावकाश. फ्युरीच्या दुसऱ्या लढतीने दाखवलं की नुसते वाढवलेले पौंड ठोसा अडवत नाहीत. वजनगट हे कमीपणाचं लक्षण नाही, ते संरक्षण आहे. किमच्या मृत्यूने नियम बदलायला लागले, ही गोष्ट विसरू नका. मुलाला त्याच्या नैसर्गिक वजनात लढू द्या. वाढीच्या वयात शरीर आपोआप भरलं तर जाऊ द्या वर. पण डोक्यावर बसणारे ठोसे वरच्या गटात अधिक जड असतात आणि ते त्यालाच सोसायचे आहेत, सल्ला देणाऱ्यांना नाही.

थांबतो.