मोठ्या काचपट्टीचे जुने भिंग मध्यम आकाराच्या कॅमेऱ्यास जोडताना : नवेगाव बांधच्या निमित्ताने एक विवेचन

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात नवेगाव बांध हा विस्तीर्ण जलाशय आहे. अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे परंपरा सांगते. १९७५ मध्ये या परिसरास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला व २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात त्याचा समावेश झाला. पाण्याची कड, काठावरील वृक्षांची रेषा आणि उथळ पाण्यातील वनस्पती यांत वर्षानुवर्षे होणारा बदल टिपावयाचा, तर ठरलेल्या स्थानांवरून पुनःपुन्हा घेतलेली छायाचित्रे हे अभ्यासकाचे एक विश्वसनीय साधन होय.

अशा कामाचा विचार करताना एखाद्या विभागाच्या कपाटातील पितळी नळीचे जुने भिंग हमखास पुढे येते. ते मोठ्या काचपट्टीसाठी घडविलेले असते. हाती असलेला कॅमेरा मात्र १२० क्रमांकाच्या फिल्मचा असतो. एवढे मोठे भिंग छोट्या चौकटीस सहज पुरेल आणि जुन्या भिंगाने जुन्यासारखेच चित्र मिळेल, अशी दुहेरी अपेक्षा त्यामागे असते. या दोन्ही अपेक्षा तपासून घेतल्याशिवाय लेथवर काम सुरू करणे योग्य नव्हे. प्रस्तुत लेखाचा हेतू ही तपासणी करण्याचा आहे.

१. भिंगाची ओळख

मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ साली स्थापन झाली आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय अभ्यासक तिच्यात होते. म्हणजे आपल्याकडे हाती लागणारे जुने भिंग कोणत्याही पिढीचे असू शकते. पेट्झवाल यांची रचना १८४० ची, ‘रॅपिड रेक्टिलिनियर’ १८६६ ची, ‘डागोर’ १८९२ ची, तर ‘टेसार’ १९०२ ची. पेट्झवाल रचनेत मध्यभाग अत्यंत रेखीव व कडा मऊ असतात. व्यक्तिचित्रास हा गुण ठरतो; जलाशयाच्या काठाची नोंद करताना तोच दोष होतो.

छिद्राचे आकडेही जपून वाचावेत. जुन्या ‘युनिफॉर्म सिस्टिम’मध्ये ४ हा आकडा एफ/८ दर्शवितो आणि १६ हा आकडा एफ/१६. नळीवरील ४ हा आकडा एफ/४ समजून प्रकाशन ठरविल्यास फिल्मला आवश्यकतेच्या चौथा हिस्साच प्रकाश मिळेल. तेव्हा समोरून दिसणाऱ्या छिद्राचा व्यास मोजून त्याने नाभ्यंतरास भागावे व आकडा स्वतः पडताळावा.

परावर्तनरोधक लेपाचा शोध झाइसच्या कारखान्यात स्माकुला यांनी १९३५ मध्ये लावला. त्यापूर्वीच्या भिंगात काच व हवा यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे ५ टक्के प्रकाश परततो. टेसारमध्ये अशा सहा सीमा असल्याने सुमारे ७४ टक्के प्रकाशच सरळ पार होतो. उरलेला सगळा बाहेर जात नाही. त्यातील काही भाग आतल्या आत उलटसुलट फिरून छायांवर धुके पसरवितो. चकाकत्या पाण्यासमोर हा दोष विशेष जाणवतो.

दुसऱ्या महायुद्धातील हवाई छायाचित्रणासाठी बनविलेले ‘कोडॅक एरो-एक्टार’ हे ७ इंची भिंग हाती आल्यास आणखी एक दक्षता घ्यावी. त्याच्या काचेत थोरियम असते. असे भिंग वापरता येते. परंतु त्याची काच घासू, कापू वा फोडू नये, आणि ते दीर्घकाळ अंगाशी बाळगू नये.

२. अंतराचा हिशेब

विवेचनासाठी २१० मि.मी. नाभ्यंतराचे, एफ/४.५ छिद्राचे आणि ‘हाफ प्लेट’ म्हणजे ४¾ × ६½ इंचांची काचपट्टी व्यापणारे भिंग घेऊ. त्या पट्टीचा कर्ण सुमारे २०४ मि.मी. असल्याने प्रतिमावर्तुळाचा व्यास किमान तेवढा असतो. ६ × ६ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चौकटीचे प्रत्यक्ष माप ५६ × ५६ मि.मी., आणि तिचा कर्ण ७९ मि.मी.

प्रत्येक कॅमेऱ्यात भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ठरलेले असते. पेंटाकॉन सिक्समध्ये ते ७४.१ मि.मी., हॅसेलब्लाडच्या ५०० मालिकेत ७४.९ मि.मी. आणि पेंटॅक्स ६ × ७ मध्ये ८४.९५ मि.मी. आहे. अनंतावर नाभीयन होण्यासाठी आपले भिंग फिल्मपासून साधारण २१० मि.मी. दूर राहावयास हवे. म्हणून पेंटाकॉन सिक्ससाठी सुमारे १३६ मि.मी. लांबीची मधली नळी लागेल. परंतु हे अंतर भिंगाच्या पश्च मुख्य प्रतलापासून मोजावयाचे असते, नळीवरील आट्यांपासून नव्हे. सममित भिंगात हे प्रतल छिद्राच्या आसपास असते. दूरदर्शी रचनेत ते भिंगाच्या पुढेही असू शकते. नळीची लांबी म्हणूनच प्रयोगाने ठरवावी.

प्रयोग साधा आहे. भिंग भात्याच्या कॅमेऱ्यावर चढवावे व फिल्मच्या जागी दुधी काच बसवावी. सकाळी, हवा तापून प्रतिमा थरथरू लागण्यापूर्वी, पैलतीरावरील एखाद्या झाडावर नाभीयन करावे. झाड एक किलोमीटर दूर असेल, तर त्याची प्रतिमा अनंताच्या प्रतिमेपासून केवळ ०.०४ मि.मी. मागे पडते, हे अंतर नगण्य होय. या स्थितीत भिंगाच्या बैठकीपासून दुधी काचेपर्यंतचे अंतर मोजावे आणि त्यातून कॅमेऱ्याचे बैठक-अंतर वजा करावे. उरते ती नळीची लांबी.

नळी प्रथम एक-दोन मि.मी. आखूड ठेवून पातळ चकत्यांनी नेमकी करावी. लांब झालेली नळी अनंतापर्यंत कधीच पोहोचत नाही. आखूड नळी मात्र सुधारता येते.

खरे नाभ्यंतर काढण्याचीही सुबक रीत आहे. अनंताच्या स्थितीची खूण करावी. नंतर मोजपट्टीची अर्ध्या आकाराची रेखीव प्रतिमा दुधी काचेवर आणावी. या दोन स्थितींमधील भात्याचे वाढलेले अंतर नाभ्यंतराच्या बरोबर निम्मे असते. मुख्य प्रतल कोठे आहे हे जाणण्याची गरजच राहत नाही.

जवळच्या विषयासाठी भिंग पुढे सरकावे लागते. २१० मि.मी. भिंगास १० मीटरवरील विषयासाठी ४.५ मि.मी. आणि ३ मीटरवरील विषयासाठी सुमारे १६ मि.मी. सरक पुरते. काठाच्या नोंदीसाठी म्हणून फार लांब आट्यांची यंत्रणा नको.

बैठक समांतर असणे मात्र अत्यावश्यक आहे. एफ/४.५ वर ०.०५ मि.मी. इतका अस्पष्टतेचा ठिपका मान्य केला, तर फिल्मपाशी मिळणारी सूट सुमारे ±०.२२ मि.मी. असते. ६० मि.मी. व्यासाची बैठक एका बाजूस अर्धा मि.मी. उचललेली राहिली, तर चौकटीच्या कडेस ही संपूर्ण सूट खर्ची पडते.

३. मोठ्या वर्तुळाचा भ्रम

प्रतिमावर्तुळ २०४ मि.मी. आणि चौकटीचा कर्ण ७९ मि.मी.; तेव्हा कोपरे काळवंडण्याचा प्रश्नच नाही, असे वाटते. हे अनुमान चुकीचे आहे. भिंग व फिल्म यांच्या मध्ये कॅमेऱ्याचे मुख आहे आणि प्रकाशाचा शंकू त्यातून जावयाचा आहे.

एफ/४.५ वर छिद्राचा व्यास सुमारे ४७ मि.मी. होतो. चौकटीच्या कोपऱ्याकडे जाणारा संपूर्ण शंकू, फिल्मपासून ७४ मि.मी. अंतरावर, अक्षापासून सुमारे ३४ मि.मी. त्रिज्येपर्यंत पसरलेला असतो. म्हणजे मुखाचा मोकळा व्यास सुमारे ६८ मि.मी. हवा. एफ/८ वर हीच गरज ६० मि.मी. पर्यंत उतरते. मुख यापेक्षा अरुंद असेल, तर भिंग कितीही मोठे असले तरी कोपरे अंधारतात. आरशाच्या पेटीची चौकोनी कड त्यात भर घालते. आपल्या कॅमेऱ्याचे मुख मोजून हा हिशेब आधी करावा.

दुसरी बाब प्रकाशाच्या अपव्ययाची. प्रतिमावर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ३२,७०० चौ. मि.मी., तर चौकटीचे ३,१३६ चौ. मि.मी. वर्तुळातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकाश चौकटीबाहेर, म्हणजे नळीच्या व पेटीच्या भिंतींवर पडतो. नळी आतून गुळगुळीत राहिली, तर तो परावर्तित होऊन फिल्मवर येतो. नळीस आतून बारीक आटे पाडावेत, निस्तेज काळा रंग द्यावा आणि मध्ये एक-दोन रोधक कडी बसवावीत. पुढे खोल छत्र लावून अनावश्यक प्रकाश मुळातच अडविणे सर्वांत उत्तम.

४. शटर कोठे आहे?

बहुतेक जुन्या नळीच्या भिंगांत शटर नसते. म्हणून ज्या कॅमेऱ्यात फिल्मलगत पडद्याचे शटर आहे, तोच येथे उपयोगी पडतो : पेंटाकॉन सिक्स आणि पेंटॅक्स ६ × ७ असे आहेत. हॅसेलब्लाड ५०० सी व मामिया आरबी ६७ यांचे शटर भिंगात असल्याने तेथे स्वतंत्र शटराची सोय करावी लागते. ग्राफ्लेक्सच्या ‘स्पीड ग्राफिक’मध्ये पडद्याचे शटर आणि भाता दोन्ही असून मागे रोल फिल्मचा धारक लावता येतो. तेथे अरुंद मुखाची अडचण नाही, आणि मोठ्या वर्तुळाचा लाभ भिंग वरखाली सरकवून खरोखरच घेता येतो.

५. जुन्या भिंगाने जुने चित्र मिळते काय?

पुनर्छायाचित्रणाच्या दृष्टीने हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. समजा, बांधावरून हाफ प्लेटवर घेतलेले एक जुने चित्र आपणापाशी आहे. २१० मि.मी. भिंगाने त्या पट्टीच्या लांब बाजूवर सुमारे ४३ अंशांचे दृश्य येते. तेच भिंग ५६ मि.मी. चौकटीवर केवळ १५ अंश दाखविते. तेवढेच रुंद दृश्य हवे, तर सुमारे ७१ मि.मी. नाभ्यंतराचे भिंग लागेल.

जवळच्या व दूरच्या वस्तूंचे परस्पर-प्रमाण भिंगावर अवलंबून नसते. ते उभे राहण्याच्या जागेवर अवलंबून असते. जागा अचूक सापडली, तर कोणतेही निर्दोष भिंग तुलनेस चालेल. जागा दहा मीटरने चुकली, तर अस्सल जुने भिंगही पुढील झाड व मागील टेकडी यांचा मेळ बिघडवील. म्हणून श्रम प्रथम स्थाननिश्चितीवर खर्च करावेत. जुन्या भिंगाचा लाभ एवढाच की फिल्मवरील प्रतिमेचे प्रमाण जुन्या पट्टीइतकेच राहते आणि एखाद्या निवडक भागाची मापे थेट ताडून पाहता येतात.

पक्ष्यांच्या बाबतीतही भ्रम नसावा. गोंदिया जिल्हा सारसांसाठी प्रसिद्ध आहे. दीड मीटर उंचीचा सारस २०० मीटरवर असेल, तर २१० मि.मी. भिंगाने त्याची प्रतिमा अवघी १.६ मि.मी. उंच येते. भिंग आकाराने थोर आहे म्हणून ते दूरवेधी ठरत नाही.

६. समारोप

तात्पर्य, क्रम असा असावा : भिंग ओळखावे, मुख मोजावे, अंतर प्रयोगाने ठरवावे, मग नळी घडवावी. नळी अशी असावी की भिंगाच्या मूळ आट्यांस वा कॅमेऱ्याच्या बैठकीस कानसही लागू नये. आज घेतलेले काम उद्या उलगडता आले पाहिजे. कारण ते भिंग हाही एक ऐतिहासिक पुरावा आहे व एकदा कापलेली पितळी नळी पुन्हा सांधत नाही. राष्ट्रीय उद्यानात संशोधन वा छायाचित्रण करण्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अनुज्ञा घ्यावी लागते, हेही विद्यार्थ्यांनी विसरू नये.

आणि प्रत्येक चित्रासोबत स्थान, दिशा, कॅमेऱ्याची उंची, भिंगाचे मोजलेले नाभ्यंतर, छिद्र व दिनांक यांची नोंद ठेवावी. पन्नास वर्षांनंतर त्याच बांधावर उभ्या राहणाऱ्या अभ्यासकास आपल्या भिंगापेक्षा ही नोंदच अधिक उपयोगी पडणार आहे.