मुंडगोडचे तिबेटी आणि शेजारचे सिद्दी

कर्नाटकात हुबळीहून पन्नासेक किलोमीटरवर मुंडगोड. तिथली तिबेटी वसाहत 1966 पासूनची. गादेन, द्रेपुंग हे मोठे मठ तिथेच असल्याने तेवढंच बघून लोक परततात. पण हल्याळ-यल्लापूरच्या जंगलात सिद्दीही राहतात. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे हे वंशज. कोकणी-मराठी मिसळलेली त्यांची बोली आपल्याला बरीचशी कळते.

आता गंमत बघा. तिबेटी निर्वासित, जमीन सरकारची, त्यांच्याकडे फक्त कसायला. तरी सुरुवातीपासून एकत्र वसाहत, शाळा, दवाखाना, सहकारी सोसायटी, वर परदेशी देणगीदार. मका-भात पिकवायचा आणि थंडीत शहरोशहरी स्वेटर विकायचे, असा जोडधंदा.

सिद्दी मात्र भारताचे नागरिक, मतदार. पण वस्त्या विखुरलेल्या, पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या शेतात मजुरी, आणि कसत असलेल्या वनजमिनीचा कागद अनेकांच्या हाती नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो 2003 मध्ये. धारवाड-बेळगावच्या सिद्दींना त्याहूनही उशिरा. 2020 मध्ये शांताराम सिद्दी विधान परिषदेवर गेले, समाजातले पहिले आमदार.

सिद्दी बायका जुन्या लुगड्यांचे तुकडे कडेपासून आत शिवत जाऊन ‘कवंदी’ गोधडी करतात. चारही कोपऱ्यांना कापडी फुलं हवीतच! तिला आता बाहेरही मागणी आहे.

एकूण काय, नागरिकत्व असूनही जमीन, शाळा आणि संघटना नसेल तर माणूस मागेच राहतो. मुंडगोडला जाल तेव्हा सिद्दींबद्दलही चौकशी करा, आणि गोधडी घेतलीत तर घासाघीस नको!